झाडाचा पाक आणि भेदऱ्याची चटणी

क्युबेक (कॅनडा), मार्चअखेर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

"तिकडचा झाडाचा मध पाठव, तुह्या बाबाच्या शुगरले चालते म्हणे," म्हणालीस आणि फोन कटला. म्हणून लिहिते. दादाला वाचून दाखवायला सांग. बाबांसमोरच.

तो मध नव्हे, पाक आहे. तुमच्याकडे पळस फुलतो तेव्हा इथे अजून बर्फच असतो. रात्री गोठतं, दिवसा जरा वितळतं, तेव्हा मेपलच्या खोडाला भोक पाडून रस गोळा करतात. रस नुसता पाण्यासारखा, गोडी शंभरात दोनच भाग. चाळीसेक लिटर आटवला की लिटरभर पाक. गुऱ्हाळात काकवी करतात, तसंच. वास मात्र असा सुटतो की मीही आधी भुलले!

पण शंभर ग्रॅम पाकात साठ ग्रॅम साखर आणि २६० कॅलरी. ती साखरही बहुतेक आपल्या उसात असते तीच. झाडातून आली म्हणून बाबांच्या रक्ताला काय कळणार? मँगनीज आणि ब-२ जीवनसत्त्व त्यात खरंच चांगलं असतं, खोटं कशाला बोलू. पण मँगनीज तुझ्या ज्वारीच्या भाकरीतही आहे.

आता तुझी भेदरं, म्हणजे टमाटर. शंभर ग्रॅम शिजवलेल्या टमाटरात साधारण १८ कॅलरी, साखर अडीच ग्रॅमच्या आसपास. क जीवनसत्त्व वीसेक मिलिग्रॅम. पाकात त्याचा पत्ताच नाही. गंमत म्हणजे पोटॅशियम दोन्हींत जवळपास सारखंच, दोनशेच्या वर मिलिग्रॅम. पण शंभर ग्रॅम पाक कोण पिणार? आणि वाटीभर चटणी बाबा एका भाकरीला संपवतात.

शिजवल्यानं क जीवनसत्त्व थोडं जातं. पण टमाटराला लाल करणारं लायकोपीन शिजल्यावर, त्यातही तेलासोबत, अंगाला जास्त लागतं. म्हणजे तू जवसाच्या तेलात लसूण-मिरची घालून भेदरं मऊ करतेस आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकतेस, ते बरोबरच आहे. फक्त आंबटपणा मारायला टाकतेस तो गुळाचा खडा बाबांच्या वाटणीत नको. मीठही बेतानं. गोळ्या चालूच राहू देत.

दिवाळीला येताना एक छोटी बाटली आणीन, पोरांच्या घावनासाठी. ती वरच्या फळीवर, गहू-डाळीच्या डब्यामागं ठेव. बाबांचा हात तिथवर पोचतो हे मला माहीत आहे, म्हणून डबे दोन ठेव.

तुझी,
ताई