चौकातल्या शाळेबद्दल खालच्या मजल्यावरच्या शेजारी आजोबांना पत्र

तीर्थस्वरूप आजोबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच वडोदऱ्यात पाऊस किती झाला ते विचारता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. चार लोकांनी वाचले म्हणजे तुम्हाला ते टाळता येणार नाही.

16 मार्च 2020 रोजी कोरोनामुळे गुजरातमधील शाळा बंद झाल्या तेव्हा मी चौथीत होते, आणि जूनमध्ये पाचवीचे वर्ग सुरू झाले ते बाबांच्या मोबाइलवर. बाबा औषधांच्या दुकानात कामाला असल्याने त्यांना टाळेबंदीतही सुट्टी नव्हती. सकाळी ते घराबाहेर पडले की त्यांच्या खिशातून माझी शाळाही निघून जाई. रात्री ते परतल्यावर ग्रुपवर आलेले गृहपाठाचे फोटो मी वहीत उतरवून घेत असे. डीडी गिरनार या गुजराती वाहिनीवर पाठ दाखवत असत, पुस्तकात दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपचे क्यूआर कोडही होते. पण दूरदर्शनवरच्या बाईंना मध्येच थांबवता येत नव्हते आणि क्यूआर कोड उघडायला पुन्हा मोबाइलच हवा होता.

हे तुम्हाला कोणी सांगितले ते मला आजही माहीत नाही. एके दिवशी दांडिया बाजारातल्या आपल्या वाड्याच्या जिन्यावर तुम्ही मला गाठलेत आणि, नातवाशी बोलण्यासाठी मुलाने तुम्हाला दिलेला टॅब सकाळभर रिकामाच असतो, असे म्हणालात. तुमचे वायफाय वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत नसल्यामुळे मी वाड्याच्या आतल्या चौकात बसावे असे ठरले. चौक उघडा, वारा खेळता, म्हणून आईनेही हरकत घेतली नाही. मी तुळशीच्या कट्ट्यापाशी चटईवर, तोंडाला मास्क. तुम्ही समोर ओसरीत झोपाळ्यावर. टॅब सारखा घसरतो असे पाहिल्यावर तुम्ही देवघरातली पोथीची ठवणी आणून दिलीत. ठवणीवर टॅब पाहून आजींनी एकदा कपाळाला हात लावला होता, हे तुम्हाला आठवत असेलच.

एवढ्यासाठीच आभार मानायचे असते तर दोन ओळी पुरल्या असत्या. खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती मी त्या वेळी घरीही सांगितली नव्हती. टॅब मिळाल्यावर मी रोज हजर असे, पण शिकत काहीच नसे. गणिताच्या बेन ‘समजायुं?’ असे विचारत, पडद्यावरच्या चाळीसेक चौकटींमधून ‘हा, बेन’ असा एक गडबडगुंडा उठे आणि त्यात माझाही आवाज असे. वर्गात बसलेले असताना न समजलेल्या मुलाचा चेहरा बाईंना दिसतो. इथे कॅमेरे बंद ठेवण्याची सूचना शाळेनेच दिली होती, कारण ते चालू केले की सगळ्यांचेच नेट अडके. बेनचा यात काही दोष नव्हता. त्या बिचाऱ्या नुसत्या नावांकडे पाहून शिकवत होत्या.

तुम्ही मात्र झोपाळ्यावरून सगळे ऐकत होतात. अपूर्णांकांची बेरीज चालू होती त्या दिवशी वर्ग संपल्यावर तुम्ही विचारलेत, ‘आज काय शिकवले? मला सांग, मी विसरलोय.’ मी वही दाखवली. एक द्वितीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज मी वरचे वर, खालचे खाली मिळवून दोन षष्ठांश अशी लिहिली होती. तुम्ही चूक म्हणाला नाहीत. ‘आईने अर्धा लिटर दूध घेतले आणि वर पाव लिटर घेतले, तर किती झाले?’ असे विचारलेत. मी क्षणाचाही विचार न करता ‘पाऊण’ म्हणाले, आणि मग वहीकडे पाहून गप्प बसले. घरात रोज वापरत असलेला शब्द आणि वहीतला आकडा ही एकच वस्तू आहे, हे मला तोवर कळलेच नव्हते. त्यानंतर तुम्ही निमकी आणि पाऊणकी, म्हणजे अर्ध्याचा आणि पाऊणचा पाढा, म्हणून दाखवलीत. ती मला पाठ झाली नाही, हे कबूल करते.

पुढे ते रोजचेच झाले. वर्ग संपला की तुम्ही ‘विसरलेले’ असायचात आणि मला शिकवावे लागायचे. त्या भीतीने मी वर्गात लक्ष देऊ लागले, आणि एक दिवस माइक उघडून ‘बेन, फरीथी समजावशो?’ (पुन्हा समजावाल का?) असे म्हणण्याचे धाडस केले. त्यानंतर आणखी दोघांनी तेच विचारले. नेट गेले की तुम्ही सयाजीराव महाराजांचा विषय काढायचात. महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मूल शाळेत आले नाही तर पालकांना दंड होई. ‘आता दंड कोणाला करायचा, नेटवाल्या कंपनीला?’ असे म्हणून तुम्ही स्वतःच हसत असा.

एप्रिल 2021 च्या लाटेत चौकातले बसणे बंद झाले, तेव्हा टॅब तुम्ही वर पाठवून दिलात आणि संध्याकाळी खालून हाक मारून प्रश्न विचारू लागलात. मी कठड्यावरून ओरडून उत्तरे देत असे. त्यामुळे माझे भूगोलाचे अज्ञान संपूर्ण वाड्याला समजले.

2 सप्टेंबर 2021 रोजी सहावी ते आठवीचे वर्ग पुन्हा उघडले. बाबांनी संमतिपत्रावर सही केली आणि मी साडेसतरा महिन्यांनी बाकावर बसले. त्याच दिवशी टॅब तुम्हाला परत केला. ठवणी मात्र तुम्ही परत घेतली नाहीत, आणि पुढे पुण्याला मुलाकडे राहायला गेलात.

आता मी अकरावीत आहे आणि ठवणीवर भौतिकशास्त्राचे पुस्तक असते. दिवाळीला तुम्ही येणार असल्याचे आईकडून कळले. ठवणीच्या एका पायाचा टवका माझ्या हातून उडाला आहे. तुम्ही पाहण्याआधीच सांगून टाकते.

आपली,
वरच्या मजल्यावरची नात