पार्टनर म्हणायचं आणि फक्त सही घ्यायची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाहेरच्या देशांच्या पैशातून हवामान, जैवविविधतेचे जे प्रोजेक्ट येतात त्यात 'स्थानिक भागीदार' असतातच, निदान कागदावर तरी. माझं माहेर निफाड तालुक्यात, नांदूरमधमेश्वरच्या पाण्याला लागून, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथंच. २०१९ मध्ये ही महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, आम्हाला कौतुकच आहे त्याचं.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका प्रोजेक्टची मीटिंग समाजमंदिरात होती, मीही गेले. प्रेझेंटेशन अर्धं इंग्रजीत, बाया नुसत्या स्क्रीनकडे बघत बसलेल्या. मासेमारी करणारे एक बाबा उठले, म्हणाले साहेब पानवेलीनं, म्हणजे जलपर्णीनं, पाणी झाकलं की आमचं जाळं पडत नाही आणि बदकं पण तिकडं उतरत नाहीत, ती वरून वाहत येते, नाशिकचं सांडपाणी पिऊन फोफावते, आधी ते बघा. उत्तर आलं, 'हे आपल्या स्कोपमध्ये नाही.' मग हजेरीपटावर सह्या, ग्रुप फोटो, वेफर्सचा पुडा, झाली मीटिंग!

अहो, स्कोप ठरला तेव्हा बाबांना कोणी विचारलं होतं का? गावातली गाइड पोरं नुसत्या उडण्यावरून बदक ओळखतात, पण पक्षी मोजायला नेलं की ती 'मदतनीस', आणि दिवसभराची मजुरी मागितली की लगेच बजेट नसतं.

बरं असं नाही की दुसरा रस्ताच नाही. पर्यावरणाच्या कामांना पैसे देणाऱ्या ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी या आंतरराष्ट्रीय निधीचा छोट्या अनुदानांचा कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे, त्यात गावपातळीवरच्या संस्थांना थेट पैसे मिळतात. आपल्याकडंही २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि गावातल्या झाडा-प्राण्यांची लोकांनी केलेली नोंदवही असायला हवी, मग पार्टनर शोधत फिरायचं कशाला, त्या समितीलाच प्रस्ताव लिहिताना बसवा, मराठीत, आणि पैशाचा हिशोब तिच्यासमोर मांडा. २०२२ ला माँट्रियलमध्ये जैवविविधतेच्या जागतिक परिषदेत २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र जपायचं ठरलं, त्यातही स्थानिक लोकांचे हक्क पाळायचं लिहिलंय म्हणे, मग गावात येताना ते पान कुठं राहतं?

त्या मीटिंगचा रिपोर्ट मी फोन करून मागितला. एक लिंक आली, ती उघडायला पासवर्ड लागतो.

आपली,
एक वाचक, नाशिक