दोन ‘लेडीकिलर्स’ आणि घाईचा निकाल

महोदय,

‘द लेडीकिलर्स’ या १९५५ सालच्या ब्रिटिश चित्रपटावरून कोएन बंधू या अमेरिकी दिग्दर्शकांनी २००४ मध्ये केलेला चित्रपट अनेक प्रेक्षक एका वाक्यात निकालात काढतात. मूळ चित्रपटाचा निस्सीम चाहता असूनही मला हा निकाल घाईचा वाटतो. एका वृद्धेच्या घरी खोली घेऊन दरोड्याचा बेत आखणाऱ्या टोळीची ही कथा लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळचे घर सोडून अमेरिकेतल्या मिसिसिपीत नेल्यावर, मृतदेह वाहून नेणाऱ्या मालगाडीची जागा कचऱ्याच्या बोटीने घ्यावी आणि पार्श्वभूमीला गॉस्पेल ही ख्रिस्ती भक्तिगीते यावीत, हे बदल विचारपूर्वक केलेले आहेत. नव्या चित्रपटातली वृद्धा साकारणाऱ्या इर्मा हॉल यांना कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला, तो काही उगाच नव्हे.

तरीही प्रेक्षकांच्या तक्रारीत तथ्य आहे. मूळ चित्रपटात बोकेरिनी या संगीतकाराच्या रचनेची तबकडी लावून वादकांचे सोंग वठवणारे दरोडेखोर, आणि त्याच वेळी दार ठोठावून आपुलकीने चहा विचारणारी केटी जॉन्सन यांची वृद्धा; या प्रसंगांतला सारा विनोद सभ्यपणाच्या धाकातून उपजतो. नव्या चित्रपटातल्या शिवराळ संवादांपुढे हा धाकच उरत नाही. टॉम हँक्स यांनी टोळीचा म्होरक्या असलेल्या प्राध्यापकाची अलंकारिक भाषा मन लावून पेलली आहे. मूळ चित्रपटात हीच भूमिका करणाऱ्या ॲलेक गिनेस यांचे ते पुढे आलेले दात मात्र विसरता येत नाहीत.

– एक वाचक, पुणे