‘पुढे बोटीने जावे’ म्हणजे नेमके कसे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला युरोप सहलीवरचा लेख आमच्या घरी मोठ्याने वाचून झाला, कारण सध्या आमच्याकडे तोच विषय चालू आहे. मी रेल्वेत गार्ड होतो, सोलापूर विभागातूनच निवृत्त झालो. त्यामुळे आधी गाडीचे बोलतो.

हॅम्बुर्गहून कोपनहेगनला जाणारी गाडी प्रवाशांसकट बोटीत चढते, असे लेखात आहे. चढायची, हे खरे. जर्मनीतल्या पुटगार्डनला डबे जहाजाच्या पोटात शिरायचे आणि पाऊण तासाने डेन्मार्कच्या रोडबीला पुन्हा रुळावर यायचे. डिसेंबर २०१९ मध्ये ते बंद झाले. बोटी अजून चालतात, पण मोटारी, ट्रक आणि बस घेऊन. गाडी लांबच्या वळशाने जाते. समुद्राखालून बोगदाही होतो आहे. लेख वाचून कुणी हौसेने तिकीट काढू नये, म्हणून लिहिले. (मला स्वतःला ते बघायची फार इच्छा होती. असो.)

दुसरे म्हणजे, एका देशातून ‘पुढे बोटीने जावे’ एवढे लिहून लेखक मोकळे झाले आहेत. खरी मेख तिथेच आहे. माझ्या साडूंनी नकाशा पाहून डोव्हर-कॅले धरले, म्हणजे ब्रिटनचे डोव्हर ते फ्रान्सचे कॅले. खाडी अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर, म्हणजे आपले सोलापूर-मोहोळ, बोटीला साधारण दीड तास. “एवढ्याला काय लागतंय?” तर व्हिसे लागतात, दोन! शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ब्रिटनमध्ये चालत नाही. शिवाय पॅरिसहून लंडनला जाऊन परत यायचे असेल आणि शेंगेन ‘सिंगल एन्ट्री’ असेल, तर कॅले सोडले की तो संपला. परतीला ‘मल्टिपल एन्ट्री’च हवा. फ्रेंच अधिकारी डोव्हरच्याच धक्क्यावर, बोटीत चढण्याआधी पासपोर्ट बघतात, तेव्हा ‘पलीकडे गेल्यावर बघू’ला जागा नाही. आयर्लंडचेही तसेच. देश युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. फ्रान्समधल्या शेरबूर्गहून तिकडे बोटी जातात, मात्र आपल्या हातातल्या शेंगेन व्हिसावर तिथे उतरता येत नाही.

आणि पायी प्रवासी! डोव्हर-कॅले मार्गावरची प्रत्येक बोट बिनगाडीच्या माणसाला घेत नाही. गुडघे दुखणाऱ्या दोन बायका आणि चार बॅगा घेऊन बंदरात उभे राहिल्यावर हे कळून उपयोग काय?

म्हणून आम्ही हेलसिंकी-टॅलिन ठरवतो आहोत. फिनलंड आणि एस्टोनिया दोन्ही शेंगेनमध्ये, त्यामुळे एकच व्हिसा. सुमारे ८० किलोमीटर समुद्र, मोठे जहाज दोन तासांत नेते, दिवसातून कितीतरी फेऱ्या. सीमेवर नेहमीची तपासणी नसली तरी पासपोर्ट खिशातच हवा. बघायचे ते टर्मिनल. हेलसिंकीत काही कंपन्यांची जहाजे पश्चिम बंदरातून सुटतात, काहींची कातायानोक्का भागातून. टॅलिनमध्येही ए आणि डी अशी वेगळी टर्मिनल आहेत. तिकिटावरचे अक्षर वाचून निघावे. आणि सुटायच्या बऱ्याच आधी चेक-इन बंद होते. चालत्या गाडीत उडी मारणाऱ्यांनी (असे मी नोकरीभर पाहिले) हे लक्षात ठेवावे.

स्टॉकहोम-हेलसिंकी रात्रीच्या बोटीचाही विचार झाला. स्वीडनचे घड्याळ फिनलंडच्या एक तास मागे, ते वेळापत्रक वाचताना धरावे लागते. ही जहाजे वाटेत फिनलंडच्याच ऑलंड बेटांवर थोडा वेळ थांबतात. उतरणारे थोडेच, पण बेटे युरोपियन युनियनच्या करक्षेत्राबाहेर असल्याने तिथे टेकल्यावर जहाजावर करमुक्त दारू विकता येते. आमच्या नोकरीत पाणी भरायला, इंजिन बदलायला हॉल्ट असत. हे कारण नवीनच.

तेव्हा पुढच्या लेखात फेरीबोटीचा उल्लेख आला, तर निदान दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत का आणि पायी प्रवासी घेतात का, एवढे तरी छापावे. आणखी एक. दोन शेंगेन देश असतील तर व्हिसाचा अर्ज जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. व्हिसासाठी मुंबईची खेप घालण्याआधी मुक्कामाच्या रात्री मोजून घ्याव्यात. आमच्याकडे त्यावरून साडूंशी अजून वाद चालू आहे, त्यांना टॅलिनमध्ये एक रात्र जास्त हवी आहे.

आपला,
एक निवृत्त गार्ड,
रेल्वे लाइन्स, सोलापूर