चि. ओंकारला, बेळगावच्या पत्त्यावर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला. आईने स्पीकर लावला, आजीही जवळ येऊन बसली, आणि आमच्या पदरात पडलं ते 'सगळं ठीक आहे' एवढंच. मागे रांगेत पोरं उभी असतात, मन मोकळं करायची ती जागा नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही. चार ओळी लिही, पण खऱ्या लिही.

मी 1991 साली लष्कराच्या त्याच ट्रेनिंग सेंटरला रंगरूट होतो. संध्याकाळी रोलकॉल झाला की डाक वाटायचे. हवालदार एकेकाचं नाव पुकारायचा. ज्याचं नाव आलं तो धावत पुढे जायचा. ज्याचं आलं नाही तो वाकून बुटाची लेस बांधायला लागायचा, ती सुटलेली नसली तरी. माझ्या शेजारच्या खाटेवर लातूरकडचा एक गडी होता. त्याच्या आईला लिहिता येत नव्हतं, आणि गावातल्या गुरुजींना सवड मिळेल तेव्हाच त्याचं पत्र यायचं. मग तुझ्या आजोबांचं पत्र आलं की मी ते त्यालाही वाचून दाखवायचो. बैल आजारी आहे, विहिरीला पाणी लागलं, एवढंच असायचं त्यात. तो पुन्हा पुन्हा वाचायला लावायचा. तुमच्या बॅरकमध्येही असा कुणी असेल. आमचं पत्र त्याला वाचून दाखव, आम्हाला चालेल.

आता खरं सांगायचं ते. तुम्हा अग्निवीरांचं ट्रेनिंग 31 आठवड्यांचं केलंय. आमचं याहून लांब होतं. म्हणजे अंग मुरायला तुम्हाला दिवस कमी मिळतात. नडगी दुखायला लागली की पोरं गप्प बसतात, कारण सिक रिपोर्ट केली तर बाकीचे काय म्हणतील, आणि मागे पडलो तर पुढच्या बॅचमध्ये टाकतील अशी भीती असते. हाडावर एका ठिकाणी बोट दाबल्यावर कळ आली, आणि रात्री आडवं पडल्यावरही ती थांबत नसली, तर ते साधं अंग दुखणं नाही. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. त्यावर तसंच पळत राहिलास तर हाड मोडू शकतं. उस्तादांना सांग, एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात जा. आम्हालाही लिही. तुझं दुखणं वाचून आईला त्रास होईल, पण ते मागाहून दुसऱ्याकडून कळलं तर जास्त होईल. तुला रोज पळायला लावणारा उस्ताद तुझा वैरी नाही, हेही लक्षात असू दे. रगड्यात, म्हणजे शिक्षा म्हणून पळवतात तेव्हा, राग येतो, तो तिथेच सोड.

बेळगावचा पाऊस मला माहीत आहे. मोजे वाळत नाहीत. बोटांच्या बेचक्या कोरड्या कर आणि मगच मोजे घाल.

घरचं सगळं तुला कळवत जाईन, वाईटही. आजीचा मोतीबिंदू पुढच्या महिन्यात काढायचा ठरलाय. ती म्हणाली ओंकारला सांगू नका. मी सांगतोय, कारण घरचे आपल्यापासून काही लपवतायत ही शंका एकदा डोक्यात शिरली की परेडवर लक्ष राहत नाही. काळजीचं कारण नाही, तुझी ताई तिच्याजवळ थांबणार आहे. आल्याच्या रानात पाणी साचलं होतं, चर काढून वाट करून दिली. गाय व्याली, कालवड झाली. तिच्या कपाळावर पांढरा टिपका आहे आणि ती तुझ्या जुन्या बनियनचा कोपरा चघळत असते.

अग्निवीराची चार वर्षं संपल्यावर काय, पुढे कायम ठेवतात त्या 25 टक्क्यांत नंबर लागेल का, हा हिशोब गावात जो तो मला विचारतो. त्यांचं मी बघतो. तू तो आत्ता डोक्यात घेऊ नकोस. फायरिंग, ड्रिल आणि झोप, यापलीकडचं काही सध्या तुझं काम नाही.

शेजारच्या अपशिंगे गावची 46 माणसं पहिल्या महायुद्धातून परत आली नाहीत. त्या घरांत महिनोन् महिने टपाल आलं नसेल, तेव्हा बाया काय धरून बसल्या असतील, हे तू गेल्यापासून माझ्या मनात येतं. आपलं तसं नाही. अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र आहे आणि रविवारचा फोन आहे. तो चुकला तर तू ड्युटीवर आहेस असं समजू, तू मनाला लावून घेऊ नकोस. वर्दीतला फोटो आणि तुझा नंबर-कंपनी कुणी व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावलंय, मामालासुद्धा.

ट्रेनिंग संपल्यावरच्या कसम परेडची तारीख लागली की लगेच कळव. त्या दिवशी आईबापाला गौरव पदक देतात, ते आईच्या पदराला लावायचं असं मी ठरवलंय, तिला अजून बोललो नाही. आजीही यायचं म्हणते. निपाणीमार्गे एसटीने येऊ, पण मैदानावर म्हाताऱ्या माणसांना बसायची सोय कुठल्या बाजूला असते तेवढं उस्तादांना विचारून पुढच्या पत्रात लिही.

तुझे,
बाबा