देखरेख करणाऱ्या काकांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतली ‘सुरक्षित दिवाळी’ ही चौकट वाचली. सुती कपडे, पाण्याची बादली, लांब उदबत्ती, सगळं पटलं. ‘मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच फटाके उडवावेत’ इथे मात्र हसावं की रडावं कळेना. आमच्या सोसायटीत मुलं टिकल्या फोडतात आणि मोठी माणसं सुतळी बॉम्बवर करवंटी उपडी घालतात!

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला पार्किंगमध्ये एक भुईनळा फुसका निघाला. माझा सात वर्षांचा नातू शहाण्यासारखा लांब उभा होता. देखरेखीवरचे काका मात्र ‘काही होत नाही रे’ म्हणत वाकले आणि चक्क फुंकर घातली. भुवया गेल्या, डोळे चष्म्याने वाचवले. दचकून त्यांनी हातातली फुलबाजी भिरकावली आणि तिची तार नेमकी अनवाणी नातवाच्या पायाखाली आली. फुलबाजी विझली तरी तार बराच वेळ चटका देते, हे तुमच्या चौकटीत नाही. पोराच्या तळव्यावर पट्टीने आखल्यासारखी रेघ उमटली.

मग उपचार. एका वहिनींनी टूथपेस्ट आणली, दुसऱ्यांनी बर्फ, तिसरे शाई शोधत होते. मी त्याला वॉचमनच्या खोलीमागच्या नळाखाली धरलं, वीस मिनिटं, घड्याळ लावून. तेवढ्यात वरून आवाज आला, ‘‘अहो, किती पाणी घालवताय?’’

बादल्या? होत्या की! लाल, ‘फायर’ लिहिलेल्या, स्टँडवर टांगलेल्या तीन. एकीतल्या वाळूत सिगारेटची थोटकं, दुसरीत पानाच्या पिचकाऱ्या, तिसरीत कुणीतरी तुळस लावलेली.

यंदा काका म्हणतात, ‘ग्रीन फटाके आणलेत, काळजी नको.’ अहो, ग्रीन म्हणजे गार नव्हे! ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या सूत्राने धूळ-धूर तीसेक टक्के कमी होत असेल, ठिणगीला ते कोण सांगणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच माळांवर बंदी घालून दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली. आमच्याकडे माळ लागली ती रात्री साडेअकराला, आणि लावणारे कमिटीतलेच. तेव्हा पुढची चौकट मुलांसाठी नको, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी छापा.

आणि हो, ती चौकट पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होती. भिंग घेऊन वाचली. वरचं अर्धं पान फटाक्यांच्या सेलच्या जाहिरातीला. त्यातला मुलगा दोन्ही हातांत पेटत्या फुलबाज्या नाचवतोय, आणि अंगात झुळझुळीत सिंथेटिक झब्बा. जाहिरातीचे पैसे घ्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण झब्बा तरी सुती घालायला सांगायचा होतात.

आपली,
एक आजी, सहकारनगर, पुणे