‘नीट’चे गुण तीन वर्षे चालतात, पण कुठे?

प्रति,
संपादक

महोदय,

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर भागात ‘परदेशात एमबीबीएस’चे फलक झळकू लागतात. त्यावर एक ओळ हमखास असते : ‘नीट स्कोअर तीन वर्षे वैध’. ओळ खोटी नाही, अर्धवट आहे. तिच्या भरवशावर ‘यंदा मनासारखं कॉलेज नाही, हेच गुण पुढच्या वर्षी लावू’ असे ठरवणाऱ्या घरांचे मात्र अख्खे वर्ष जाते.

भारतातल्या प्रवेशासाठी नीट यूजीचे गुण त्याच शैक्षणिक वर्षापुरते असतात. एमबीबीएस असो, बीडीएस असो की बीएएमएस. दोन वर्षांतले जास्त असतील ते धरा, अशीही सोय नाही. त्या एका वर्षात मात्र तेच गुणपत्रक अनेक दारांत चालते : सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा केंद्राच्या समुपदेशन समितीकडे (एमसीसी), ८५ टक्के राज्य कोटा राज्याच्या सीईटी सेलकडे, आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) अखिल भारतीय जागा तिसऱ्याच समितीकडे. प्रत्येक ठिकाणी नोंदणी वेगळी. एमसीसीला अर्ज केला म्हणजे राज्याचाही झाला, असे समजून बसले की फेरी हुकते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्याच गावात आहे म्हणून काही पालक तिकडे चौकशीला जातात. प्रवेशाच्या फेऱ्या विद्यापीठ घेत नाही.

गुण पुढे का नेता येत नाहीत, ते कट-ऑफ पाहिले की कळते. खुल्या गटाला पात्रतेसाठी ५० पर्सेंटाइल लागतात, म्हणजे टक्के नव्हेत, तर परीक्षा देणाऱ्यांत साधारण वरच्या निम्म्यात यावे लागते. ते ७२० पैकी २०२३ ला १३७ गुणांवर होते, २०२४ च्या सुधारित निकालात १६२ वर आणि २०२५ ला १४४ वर. म्हणजे १५० गुणांचा विद्यार्थी २०२५ मध्ये पात्र आणि २०२४ मध्ये नापास! २०२४ ला सुधारित निकालानंतरही १७ जणांना पैकीच्या पैकी होते, २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. असे गुण एका यादीत बसवणार कसे? इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेचे गुण तीन वर्षे चालतात, त्यामुळे इंजिनीअरिंगकडचे काका-मामा नीटबद्दलही छातीठोक सल्ला देतात, तो सोडून द्यावा.

आता परदेशाचे. २०१८ पासून बाहेर वैद्यकीय शिक्षणासाठी जाण्याआधी नीट पात्र असणे सक्तीचे आहे, आणि तो निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे ग्राह्य धरतात. मेख तारखेत आहे. २०२५ चा निकाल १४ जूनला लागला, म्हणजे मुदत जून २०२८ च्या मध्यात संपते. परदेशातली बहुतेक सत्रे सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात. त्यामुळे हाती २०२५, २०२६ आणि २०२७ चे सप्टेंबर येतात, २०२८ चा नाही. २०२४ चा निकाल आधी ४ जूनला आणि सुधारित २६ जुलैला लागला. तिथे आधीची ४ जून हीच तारीख धरून चालावे, वाद नको. आधी प्रवेश, नीट मागाहून, असा क्रम चालत नाही. भाषेचे किंवा पूर्वतयारीचे वर्ष असेल तर प्रत्यक्ष वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या प्रवेशपत्रावर कोणती तारीख पडणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. शिवाय परतून भारतात डॉक्टरकी करायची तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, माध्यम इंग्रजी आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. यातले एक जरी नसले तरी नीटची मुदत शिल्लक असून उपयोग शून्य.

गुणपत्रक निकालाच्या आठवड्यातच डाउनलोड करून दोन-तीन ठिकाणी ठेवावे, प्रिंटही काढावी. बाहेर शिकून परतल्यावर, पाच-सहा वर्षांनी, पात्रतेचा पुरावा म्हणून ते पुन्हा लागते आणि तोवर सायबर कॅफेवाल्याने उघडून दिलेल्या ई-मेलचा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो.

पुन्हा परीक्षा देणाऱ्यांनी एक पाहावे. गुणांबरोबर काही दाखलेही शिळे होतात. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र प्रवेशाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागते. गेल्या वर्षीचे ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र यंदा चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्र तेवढे एकदा निघाले की निघाले. सेतू केंद्रात निकालानंतर गर्दी उसळते, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच टाकावा.

एक विनंती आपल्यालाही. परदेशी प्रवेशाच्या जाहिराती आपल्या पानांवरही येतात. ‘तीन वर्षे वैध’ या ओळीला लागून, त्याच आकाराच्या अक्षरात, ‘फक्त परदेशातील प्रवेशासाठी, निकालाच्या तारखेपासून’ एवढे छापण्याची अट जाहिरात विभागाने घालावी.

– प्रवेश मार्गदर्शन करणारे काही शिक्षक, नाशिक